मौन कोणाचे?

प्रेमाविषयी बोलताना उर्दूत दोन शब्द जोडीने येतात. एक 'इजहार' आणि दुसरा 'जब्त'. इजहार म्हणजे मनातले उघड बोलून दाखवणे. जब्त म्हणजे ते आतल्या आत आवरून धरणे. वर्गात गझल शिकवताना आम्हाला दरवर्षी जाणवते की, आमच्या परंपरेने मोठा मान दिला तो जब्तला. बोलला तो आशिक उथळ आणि गप्प राहिला तो खरा, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मराठीतही 'अव्यक्त प्रेम' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळवा भाव उमटतो. परंतु या मौनाचे कौतुक करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आम्हाला आवश्यक वाटते. हे मौन नेमके कोणाचे? प्रेम करणाऱ्या माणसाने स्वखुशीने पत्करलेले, की इतरांनी त्याच्या तोंडावर हात ठेवून लादलेले? दोन्ही मौने बाहेरून सारखीच दिसतात. नैतिकदृष्ट्या मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी चित्रपट हे माध्यम विशेष उपयोगी आहे. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून आपल्याला सगळे सांगून टाकतो. नाटकात स्वगताची सोय असते. चित्रपटात कॅमेरा चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. त्याला मनात जाता येत नाही. म्हणून न बोललेले प्रेम दाखवायचे तर दिग्दर्शकाला माणसाचे हात, पाठ, दार, खिडकी, भांड्यांचा आवाज यांच्याकडे पाहावे लागते. आणि पाहता पाहता या माणसाला बोलू कोण देत नाही, तेही चौकटीत येऊन जाते. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी असे चित्रपट फारसे पोहोचत नाहीत. पोहोचले तरी उशिरा, आणि बहुधा मोबाइलच्या वीतभर पडद्यावर. तरीही जे पाहायला मिळाले त्यावरून काही गोष्टी मांडाव्यात असे वाटते.

अव्यक्त प्रेमाचा विषय निघाला की बंगाली चित्रपटाचे नाव आधी येते आणि ते योग्यही आहे. सत्यजित राय यांचा 'चारुलता' १९६४ साली आला. रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या १९०१ सालच्या कथेवर तो आधारलेला आहे. वर्तमानपत्रात बुडालेला सज्जन नवरा, रिकाम्या दुपारी दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसे पाहणारी चारू आणि घरी राहायला आलेला दीर अमल. चारू आपले प्रेम शब्दांत कबूल करीत नाही. अमल निघून जातो. पुढे त्याचे पत्र येते, ती एकटी असल्याचे समजून हुंदके देते आणि ते नेमके नवऱ्याच्या कानी पडते. भूपतीला सारे कळते ते त्या रडण्यातून. शेवटी पती-पत्नी एकमेकांपुढे हात करतात आणि ते हात मिळण्याआधीच चित्र गोठते. या चित्रपटात खलनायक नाही. कोणी कोणाला कोंडलेले नाही. तरीही चारूला बोलायला जागा नाही, कारण तिचे प्रेम ज्या नात्यात उगवले त्या नात्याने त्याला आधीच नाव ठेवलेले आहे.

याच्या उलट टोकाला आदित्य विक्रम सेनगुप्ता यांचा २०१४ सालचा 'आशा जाओर माझे' आहे. नवरा रात्रपाळीला छापखान्यात, बायको दिवसपाळीला कारखान्यात. दोघांची भेट होते ती सकाळी, अगदी थोडक्या वेळापुरती. संपूर्ण चित्रपटात या जोडप्याचा संवाद जवळजवळ नाही. वाळत घातलेले कपडे, झाकून ठेवलेले जेवण, बाजारातून आणलेली मासळी, एवढ्यातून एकाने दुसऱ्याची काळजी घेतलेली आपल्याला दिसते. प्रेम इथे वैध आहे, लग्नाचे आहे, कोणाची हरकत नाही. तरी ते मुके आहे, कारण मजुरीने त्यांचे तासच वाटून घेतले आहेत. पुण्या-मुंबईला किंवा आखातात कामाला गेलेल्या माणसांची घरे मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्या घरांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणजे एकाच भाषेतल्या या दोन चित्रपटांत मौनाची दोन कारणे झाली. एक नात्याची मर्यादा, दुसरे पोटाची गरज. मराठीकडे वळल्यावर तिसरे कारण समोर येते आणि ते जास्त कठोर आहे. त्याआधी भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे.

बंगालीत 'तो' आणि 'ती' यांसाठी एकच सर्वनाम आहे आणि क्रियापदालाही लिंग नाही. त्यामुळे बंगाली गीतातला प्रिय माणूस पुरुष की स्त्री हे शब्दांवरून ओळखू येईलच असे नाही. ऐकणाऱ्याने आपल्या मनातला चेहरा तिथे बसवावा. उर्दूत क्रियापदाला लिंग आहे. पण गझलेने मेहबूबला पुल्लिंगी ठेवण्याचा रिवाज पाळला. मुले हटकून विचारतात, "सर, ही मुलगी आहे तर 'आता है' का म्हटलं?" आम्ही सांगतो की हा आड पडदा आहे. कोणाचे नाव उघडे पडू नये, कोणाची रुसवाई होऊ नये, म्हणून भाषेनेच केलेली ही सोय आहे. त्या पडद्याआड खुदाही बसू शकतो, मुर्शिदही, स्त्रीही आणि पुरुषही. आमच्याच मराठवाड्याच्या मातीतले अठराव्या शतकातले थोर शायर सिराज औरंगाबादी यांनी 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीत एका तरुणावरील आपल्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी सांगितली आहे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ती लिहिली गेली आणि जपलीही गेली. ज्यांना असे वाटते की रूढीबाहेरचे प्रेम हे अलीकडचे, परदेशातून आलेले खूळ आहे, त्यांनी आपल्या घरच्या या ठेव्याकडे एकदा पाहावे.

मराठीचा स्वभाव निराळा आहे. इथे 'मी' म्हटले की 'गेलो' की 'गेले' हे ठरवावेच लागते. प्रेम 'करतो' की 'करते', ज्याच्यावर ते केले 'तो आला' की 'ती आली', सारे क्रियापद सांगून टाकते. मराठी माणूस आपल्या प्रेमाचे पहिले वाक्य उच्चारतो तेव्हाच बरेच काही उघड झालेले असते. 'आम्ही' म्हटल्यावर तेवढी सुटका होते, कारण 'आम्ही गेलो' सर्वांना चालते. बंगालीला व्याकरणाने आणि गझलेला रिवाजाने जो आडपडदा मिळाला तो मराठी प्रेमिकाला मिळाला नाही. त्याच्यापाशी उरले ते मौन. मराठी चित्रपटात न बोललेल्या प्रेमाला जे वजन आहे त्याचे एक कारण आम्हाला इथे दिसते.

आता मराठी चित्रपट पाहू. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ साली आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन साकारली. स्त्रियांच्या आधारगृहाची ही कथा. त्या आधारगृहात दोन स्त्रियांचे एकमेकींवरील प्रेम उघडकीस येते. मराठी पडद्यावर हा विषय त्या काळात येणे हीच मोठी गोष्ट होती आणि तो धीटपणे आणणारा दिग्दर्शक आमच्या समाजातला आहे, याचा आम्हाला अभिमानही आहे. पण आज तो भाग पाहताना जाणवते की, त्या दोघींविषयी बोलतात ते इतर. संस्थेच्या दृष्टीने तो शिस्तीचा प्रश्न होतो. तेंडुलकरांच्याच 'मित्राची गोष्ट' या १९८१ च्या नाटकातही सुमित्राची कहाणी सांगतो तो तिचा मित्र बापू. तो प्रेमाने सांगतो, तरी गोष्ट मित्राने सांगितलेलीच राहते. त्या काळाला यापेक्षा जास्त जमले नसते, हेही मान्य केले पाहिजे. मात्र एक नोंद घ्यायला हवी. ज्यांना स्वतः बोलता येत नाही त्यांच्याबद्दल बोलायला लोक भरपूर असतात.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ सालचा. तायप्पा आणि सुली दोघेही यल्लम्माला सोडलेले. तायप्पाचा दोष एवढाच की त्याला झालेला आजार गावाने देवीचा कौल ठरवला आणि त्याच्या अंगावर लुगडे चढवले. एका जोगत्याने आणि एका जोगतिणीने एकमेकांवर प्रेम करणे रूढीला मंजूर नाही, कारण त्यांची शरीरे आणि मनेही देवीच्या नावे लिहून दिलेली आहेत. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांनी हे प्रेम सुरुवातीला केवळ डोळ्यांनी आणि अवघडलेपणाने दाखवले आहे. इथे पुरुषाला आपण पुरुष आहोत हेही बोलता येत नाही. मग प्रेम कुठल्या तोंडाने बोलणार? या चित्रपटाला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. लोकांनी गाणी डोक्यावर घेतली. गाण्यांमागचा प्रश्न किती जणांनी घरी नेला, हे ज्याचे त्याने तपासावे.

आमच्या लोहा तालुक्यातच माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षात दूरदूरची माणसे आणि जनावरे इथे येतात. वाघ्या-मुरळी खंडोबा आणि बाणाईची कथा खुल्या आवाजात गातात. घरी म्हाळसा असताना देव धनगराच्या मुलीसाठी वेडा झाला, तिच्या घरी मेंढरे राखायला राहिला, जात पाहिली नाही की मोठेपणा पाहिला नाही. खंडोबाला मल्लूखान म्हणणारी परंपराही आहे आणि मुसलमान भाविकही त्याच्या दर्शनाला जात आले आहेत. यात्रेत लावणीचे फडही रंगतात आणि त्यात स्त्रीच्या मनातली इच्छा आडपडदा न ठेवता गायली जाते. म्हणजे लोकपरंपरेला रूढीबाहेरच्या प्रेमाचे वावडे नाही. देवाने केले तर ते गाणे होते. फडावरच्या बाईने गायले तर ती कला होते. मात्र ते ऐकून घरी परतलेला माणूस आपल्या बहिणीच्या तोंडून तसला एक शब्दही खपवून घेणार नाही. जिला घर नाही तिला बोलायची मुभा, जिला घर आहे तिला बंदी. मुभा आणि बंदी दोन्ही देणारा मात्र एकच.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' या साऱ्यात आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आमच्या ओळखीच्या वर्गात घडतो. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे प्रेमाचा म्हणून मिरवला जाणारा दिवस साधून, तो प्रदर्शित झाला. जब्या हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. त्याच वर्गात शालू आहे. जब्या तिच्याशी बोलत नाही. तो तिच्याकडे पाहतो, जीन्सचे स्वप्न बघतो आणि काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख अंगावर टाकली तर मुलगी आपली होते, असे त्याला सांगितलेले आहे. एका मुलाला आपले मन बोलून दाखवण्यापेक्षा पाखरू पकडून जाळणे जास्त शक्य वाटते, यात त्याच्या मौनाचे सगळे कारण आले.

जब्याला नकाराची भीती आहे का? असेलही. पण त्याहून मोठी भीती दिसण्याची आहे. गावातली डुकरे पकडायला घरच्यांबरोबर जावे लागते तेव्हा तो लपतो, कारण शाळेजवळ वर्गातली मुले बघत आहेत. बाप कचरू मारतो. गाव हसते. हसणाऱ्यांत शालूही आहे. ऐन पाठलागात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगे महाराज यांची चित्रे सरकत जातात. शिक्षक म्हणून ती भिंत आम्हाला अस्वस्थ करते. अशीच चित्रे कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहेत. भिंतीच्या आत समतेचा धडा आणि भिंतीबाहेर हा तमाशा. अखेरीस जब्या दगड उचलून भिरकावतो आणि तो दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्याने शालूला एक शब्द बोलायचा होता. तो शब्द गिळावा लागला, त्याचा दगड झाला.

आता कोणी म्हणेल की जब्याने धीर करून बोलायला हवे होते. त्याचे उत्तर मंजुळे यांनीच २०१६ च्या 'सैराट'मध्ये दिले. परशा आणि आर्ची बोलले, पळाले, संसार थाटला, मूल झाले. आणि घरच्यांनीच त्यांना ठार केले. त्यातही पाहण्यासारखे असे की, बेधडक बोलते ती आर्ची. ती पाटलाची लेक आहे. बुलेट तिची, ट्रॅक्टर तिचा, गावात वावरण्याचा रुबाब तिचा. परशाला तो नाही. म्हणजे बोलण्याचे धाडस हा निव्वळ स्वभावाचा गुण नसतो; कोणत्या घरात जन्मलो यावर ते पुष्कळ अवलंबून असते. आणि आर्चीसारख्या मुलीलाही ते घरचे लोक मरेपर्यंत माफ करीत नाहीत. हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की जब्याच्या मौनाला भित्रेपणा म्हणण्याची हिंमत कोणाची होऊ नये आणि त्याला पवित्र म्हणण्याचीही होऊ नये.

अलीकडचे उदाहरण रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाचे आहे. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे त्याचा जुना ओळखीचा बाळ्या आहे, शेतकरी आहे आणि लग्नाचा तगादा टाळतो आहे. दोघांत हळूहळू जवळीक होते. बाळ्या त्याच्यासाठी निवडुंगाची बोंडं आणतो. वरून काटेरी, आत लालभडक गोड. काटे काढल्याशिवाय ते फळ तोंडात घालता येत नाही आणि ते काढायला हलका हात लागतो. पार्श्वसंगीत नाही. रान आणि माणसांचे आवाज तेवढे आहेत. आईला आपला मुलगा कसा आहे ते ठाऊक आहे. ती त्याच्या बाजूची आहे. तरी नातेवाइकांचा प्रश्न थांबत नाही: लग्न का नाही केलं? आई जे जाणते ते चारचौघांत म्हणू शकत नाही. त्या घरात मौन मुलाचे एकट्याचे नाही, आईचेही आहे.

या चित्रपटाची सगळी गोष्ट सुतकात घडते, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटले. २०१० सालच्या 'मेमरीज इन मार्च' मध्येही शोकच आहे. संजय नाग यांचे दिग्दर्शन आणि ऋतुपर्ण घोष यांची पटकथा. अपघातात गेलेल्या तरुण मुलाची आई कोलकात्याला येते आणि आपल्या मुलाचे एका पुरुषावर प्रेम होते हे तिला तिथे कळते. तो पुरुषही तितकाच उद्ध्वस्त झालेला आहे. पण त्याला सांत्वनाला कोण येणार? हिंदूंत सुतक असते, आमच्यात विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. रूढींविषयी आपले मत काहीही असो, त्या शोक करणाऱ्याला एक जागा देतात. लोक येतात, जेवणाचे डबे आणतात, शेजारी बसतात. ज्याचे प्रेम कधी बोलले गेले नाही त्याला ही जागा नसते. माणूस गेला की तो जनाजात शेवटच्या रांगेत उभा राहतो, माती देतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. त्याच्या दुःखाला नातेच नाही. मौनाची खरी किंमत आम्हाला इथे कळते. प्रेमाचा आनंद लपून घेता येईल कदाचित. दुःख लपून करणे माणसाला मोडून टाकते.

मग मौन वाईटच म्हणायचे का? तसेही नाही. लैला-मजनूची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातला एक तपशील सहसा विसरला जातो. जुन्या अरबी परंपरेनुसार कैसला लैला नाकारली गेली, कारण त्याने तिचे नाव घेऊन उघड कविता केल्या. त्याचा इजहार त्याला अमर करून गेला. लैलाच्या वाट्याला मात्र बदनामी आली, आणि मनाविरुद्धचे लग्नही. बोलण्याची हौस एकाची आणि भरपाई दुसऱ्याची, असे जिथे होते तिथे गप्प राहणे हीच प्रेमाची सचोटी आहे. चारूचे मौन आणि गझलेचा पडदा यांना आम्ही याच अर्थाने मान देतो. प्रेम करून जो पाक राहिला, ज्याने ते लपवले आणि त्यातच मेला तो शहीद, अशी एक रिवायत आमच्यात सांगितली जाते. इब्न कय्यिम यांच्यासारख्या विद्वानांनी ती प्रमाण मानलेली नाही. तरीही शायरांनी ती उचलून धरली, कारण गप्प राहण्यात त्यांना त्याग दिसला. त्याग खरा असेल तर तो आदरणीय आहे. पण त्याग तो, ज्यात माणूस आपले स्वतःचे काही सोडतो. ज्याच्यापाशी बोलण्याचा पर्यायच नव्हता त्याने कशाचा त्याग केला? त्याच्याकडून ते हिसकावून घेतले गेले.

म्हणून आम्हाला असे वाटते की, कुठल्याही अव्यक्त प्रेमाची वाहवा करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. तोंड कोणी बंद केले? गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो आहे? आणि उद्या त्या माणसाला बोलावेसे वाटले तर तो सुरक्षित राहील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर ते मौन अदब नव्हे, कैद आहे.

या कैदेची दुसरी बाजूही आहे, ती म्हणजे सक्तीने बोलायला लावणे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वेगळ्या धर्मांच्या दोघांना लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समितीही नेमली. दोन सज्ञान माणसांनी जे परस्परांना विश्वासाने सांगितले ते फलकावर आणि फाइलीत येते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आणि माणसाच्या खासगी आयुष्याचा मान राखला. पण गावात न्यायालय चौकाचौकात बसलेले नसते. तिथे चौकशी करणारे शेजारी असतात, मोबाइलमध्ये डोकावणारे भाऊ असतात आणि कधी कधी आम्ही शिक्षकही असतो. एकाला बोलू न देणे आणि दुसऱ्याकडून वदवून घेणे, दोन्हींत गुन्हा एकच. माणसाच्या मनातल्या गोष्टीची मालकी त्याच्याकडून काढून घेतली जाते.

रूढीबाहेरच्या प्रेमाविषयी धर्माचा निवाडा काय, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. ते उलेमांचे काम. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची गुपिते हुडकत फिरण्याला आणि पाठीमागे निंदा करण्याला स्पष्ट मनाई आहे. हजरत उमर यांच्याविषयी एक रिवायत सांगतात. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि घरमालकाला गैरकृत्य करताना पकडले. तो म्हणाला, माझ्या हातून एक चूक झाली, आपल्या हातून तीन झाल्या. आपण हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता घरात शिरलात. खलिफांनी ते मान्य केले आणि परत फिरले. एवढा मोठा माणूस परत फिरला. आम्ही मात्र भिंती चढून चढून गुडघे फोडून घेतो.

आणि याची सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात, हे शाळेत रोज दिसते. नववी-दहावीच्या वर्गात एखाद्या वहीत घडी घातलेला कागद सापडतो. त्यात काय असते? बहुधा दोन ओळी आणि एक वाकडेतिकडे काढलेले फूल. तो कागद स्टाफरूममध्ये फिरला, घरी पोहोचला, की मुलाला दोन थपडा बसतात आणि तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. मुलीचे नाव हजेरीपटावर राहते, ती येत नाही. वर्षभरात तिच्या लग्नाची दावत होते. कधी कधी तर कागद तिने लिहिलेलाही नसतो, तो तिला कोणीतरी दिलेला असतो. तिला काही म्हणायचे होते का, हे कोणी विचारलेले नसते. पुढे आयुष्यभर ती बोलत नाही आणि लोक म्हणतात, किती शांत, किती सोशीक!

आमच्याकडे 'अमानत' हा फार मोठा शब्द आहे. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी सांभाळायची आणि मागितली की परत द्यायची. पैशांच्या आणि दागिन्यांच्या बाबतीत आम्ही हा शब्द कसोशीने पाळतो. दुसऱ्याचे मौनही अशीच अमानत आहे. ते फोडायचे नाही, त्याचे गोडवे गाऊन त्याला कुलूपही घालायचे नाही. आणि ज्याचे त्याला बोलावेसे वाटेल त्या दिवशी त्याला निर्भयपणे बोलता येईल एवढी जागा आपल्या आसपास तयार करायची. चित्रपट यातले थोडेच करू शकतात. ते आपल्याला नीट पाहायला शिकवतात. बाकीचे काम शाळेचे, घराचे आणि मोहल्ल्याचे आहे. त्याची सुरुवात फार लहान गोष्टीपासून करता येईल. वही तपासताना असा एखादा कागद हाती लागला तर त्याची घडी न उघडता तो त्याच पानात ठेवावा, वही मिटावी आणि जिची आहे तिच्या हातात द्यावी.